‘टेम्पो घे रिव्हर्स’ला संदर्भ हवा

गाण्यातलं मला काही कळत नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. न सांगता ते लपलं असतं असंही नाही. मी जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीत नोकरीला आहे आणि तिथे माहितीपत्रकं लिहितो. कपाशीच्या पाकिटात घडी घातलेला एक कागद येतो, त्यावर पेरणीचं अंतर, खताची मात्रा आणि ‘लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये’ असं सगळं छापलेलं असतं. तो कागद माझा. शेतकरी तो वाचत नाहीत, पाकीट फोडलं की आधी तोच वाऱ्यावर सोडतात, हे मला ठाऊक आहे. तरी छापील मराठी लिहिणारा माणूस म्हणून आमच्या कॉलनीत मला थोडा मान आहे, आणि त्या मानापायीच पुढचं सगळं अंगावर आलं.

आमच्या समोरच्या घरात साहेबराव वाहुळे आणि बेबीनंदाताई राहतात. साहेबराव भोकरदनकडच्या एका शाळेवर शिक्षक आहेत. सकाळच्या बसने जातात आणि संध्याकाळी खडूच्या रंगाचे होऊन परत येतात. ताईंचं माहेर आष्टी. त्यांच्या वडिलांची गायन पार्टी होती. जयंतीच्या दिवसांत ती पार्टी गावोगाव हिंडायची आणि ताई परकरी वयापासून तिच्यात गायच्या. अजूनही एप्रिल संपला की महिनाभर त्यांचा घसा बसलेला असतो आणि त्या भाजीवाल्याशी खुणेने भाव करतात.

तर अशा ह्या बेबीनंदाताईंनी काही वर्षांपूर्वी ‘टेम्पो घे रिव्हर्स’ हे गाणं लिहिलं आणि गायलं. हे गाणं ऐकलं नाही असा माणूस मराठवाड्यात सापडणार नाही. सापडलाच तर त्याला कुणी लग्नाला बोलावत नसणार. नवी नवरी सासरी निघाली आहे, टेम्पो वेशीबाहेर पडला आहे आणि ती नवऱ्याला सांगते आहे:

टेम्पो घे रिव्हर्स राया, टेम्पो घे रिव्हर्स,
मागं माझी राह्यली बाई, राह्यली माझी पर्स.

बस्स. एवढ्यावर अख्खा महाराष्ट्र नाचला. रिव्हर्स म्हटलं की सगळी वरात नाचत नाचत मागे येते, आणि मागे बँडवाले असले तर त्यांच्यावर आदळते. गाणं जालन्यातल्या डीजे संपत नावाच्या गृहस्थाच्या स्टुडिओत झालं. ते चाललं तसा संपत पुण्याला गेला, त्याने गाण्यांची कंपनी काढली आणि तो मोठा झाला. गाण्यावर सगळीकडे ‘डीजे संपत प्रस्तुत’ एवढंच राहिलं. प्रस्तुत कोण हे सगळ्यांना कळलं, पण गायलं कोण हे कुणीच विचारलं नाही.

एका संध्याकाळी साहेबराव फोन हातात धरून आमच्याकडे आले. संभाजीनगरला एक मोठा कार्यक्रम ठरत होता. मराठवाड्यातली गाजलेली गाणी मूळ गायकांच्या तोंडून ऐकवायची, अशी कल्पना. आपल्या गाण्यासाठी भलत्याच बाईंना बोलावणार असल्याचं साहेबरावांच्या कानावर आलं म्हणून त्यांनी आयोजकांना फोन लावला. आयोजक सभ्य होते. ते म्हणाले, आम्हाला कुणाशी वैर नाही, पण इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात ह्या गाण्याचा लेख आहे आणि त्यात गायिका अज्ञात असं लिहिलं आहे. तिथे ताईंचं नाव दाखवा, आम्ही ताईंना मंचावर बसवतो. महिनाअखेरीला निमंत्रणपत्रिका छापायला जाणार होत्या.

ताई दारापाशी उभ्या होत्या. पायपुसणं पायाने सरळ करत राहिल्या. त्यांच्याकडे पाहून मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी एक चूक हमखास करतो, ती त्या वेळीही केली. मी म्हणालो, “एवढंच ना? उद्या सकाळी नाव टाकून देतो.”

ज्ञानकोशातला तो लेख मी उघडला तेव्हा तो तीन ओळींचा होता आणि त्याच्या डोक्यावर एक पिवळी पाटी होती. ह्या लेखात विश्वसनीय संदर्भ नाहीत, सबब तो काढून टाकला जाऊ शकतो, असा तिचा मजकूर. खाली बटण होतं, आणि ते दाबलं की कुणालाही लेख सुधारता येत होता. ही व्यवस्था मला फार आवडली. आमच्या कंपनीत माहितीपत्रकातला स्वल्पविराम हलवायलाही तीन साहेबांच्या सह्या लागतात. मी ‘अज्ञात’ खोडलं, तिथे ‘सौ. बेबीनंदा साहेबराव वाहुळे, रा. जालना, माहेर आष्टी’ असं लिहिलं, आणि समाधानाने चहा करायला सांगितलं. चहा येईपर्यंत ‘अज्ञात’ परत आलं होतं. शेजारी शेरा होता, ‘संदर्भ द्यावा.’ शेरा देणाऱ्याने स्वतःचं नाव ‘नम्रसूचना’ असं घेतलं होतं.

मी लगेच चर्चेच्या पानावर संदर्भ दिला: ‘प्रस्तुत लेखक गायिकेच्या समोरच राहतो.’ ह्यापेक्षा भक्कम संदर्भ माझ्या तरी माहितीत नव्हता. नम्रसूचनांचं उत्तर आलं की स्वतःची माहिती इथे चालत नाही, आधी कुठेतरी प्रसिद्ध झालेलं हवं. म्हणजे मी डोळ्यांनी रोज बघतो ती बाई अज्ञात, आणि कुठल्यातरी कागदावर कुणीतरी छापली की ती ज्ञात. आमच्या सौ. मीनाला मी हे तावातावाने समजावून सांगितलं. ती म्हणाली, रेशन कार्डावर तुमचं नाव चढवायला गेलो तेव्हाही असंच म्हणाले होते.

आता प्रश्न माझ्या शब्दाचा होता. तीन ओळींच्या लेखाला कुणी विचारत नसणार, तेव्हा लेखच मोठा करावा, इतका की नाकारणाऱ्याची छाती दडपली पाहिजे, असं मी ठरवलं. दोन रजा टाकून लिहायला बसलो. लिहिताना हात आपोआप सवयीच्या वाटेने गेला, हे मी नाकारत नाही. ‘गाण्याची ठळक वैशिष्ट्ये’ असा पहिला भाग झाला. ‘शिफारस केलेला हंगाम’ ह्या भागात नोव्हेंबर ते मे असं दिलं. ‘घ्यावयाची काळजी’ ह्यात हे गाणं वाजत असताना वृद्धांनी आणि गुडघेदुखी असणाऱ्यांनी मिरवणुकीपासून सुरक्षित अंतर राखावं, असं सुचवलं. आणि लेख एकतर्फी वाटू नये म्हणून ‘मर्यादा’ असाही एक परिच्छेद जोडला. त्यात मी स्वच्छ लिहिलं की नवरी पर्स पर्स म्हणून एवढा आकांत करते, पण त्या पर्समध्ये काय होतं हे गाण्यात कुठेच सांगितलेलं नाही, आणि हा ह्या रचनेचा दोष मानावा लागेल. हे वाक्य मला स्वतःला फार आवडलं होतं.

नम्रसूचनांनी ह्या लेखाचं परीक्षण केलं. परीक्षण माझ्या लेखाहून लांब होतं. भाषा तटस्थ नाही, हंगाम कुणी ठरवला, गुडघेदुखीचा वैद्यकीय आधार काय, असं एकेका वाक्याखाली लिहिलेलं. मर्यादांवर आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, ‘हे मत कुणाचे? आपण गाणे शेवटपर्यंत ऐकले आहे का?’

हा प्रश्न माझ्या जिव्हारी लागला. माझ्या चुलत भावाच्या लग्नात मी ह्या गाण्यावर बँडवाल्यांच्या ढोलावर जाऊन पडलो आहे. आमच्या गल्लीतून वर्षाला ज्या वराती जातात त्या सगळ्या हेच वाजवत जातात. लेख लिहिण्याआधी मी ते गाणं, सोवळेपणाने, संपतच्या कंपनीच्या अधिकृत पानावर जाऊन लावलंही होतं. दुसऱ्या कडव्यात नवरी टेम्पोच्या क्लीनरला ‘मेल्या’ म्हणते, तिथे माझी अभिरुची दुखावली आणि मी ते बंद केलं. पण एवढं सगळं परक्या माणसाला कशाला सांगायचं? मी उत्तर दिलं, ‘प्रस्तुत लेखकाने हे गाणे असंख्य वेळा ऐकले आहे.’ आणि ते खोटं नव्हतं.

इथपर्यंत मामला माझ्यात आणि नम्रसूचनांत होता. इथे शेजारचे अंगदराव आले. अंगदराव पंचायत समितीतून निवृत्त झालेले, आणि अडलेली कुठलीही गोष्ट म्हणजे फाईल आहे असं समजून तिला हात घालणारे. त्यांनी पूर्ण लेख फोनवर वाचला आणि मान हलवली.

“रामकिसनराव, तुमच्या कागदाला वजनच न्हाई,” ते म्हणाले. “एका बाईचं एकटं नाव. मंग कोण बराबर समजंल त्याला? नावं वाढवा.”

मला ते पटलं, हे आज सांगताना कानकोंडं व्हायला होतं. पण आमच्याकडे साध्या माणसाचं नाव छापून येण्याच्या जागा दोनच, एक लग्नपत्रिका आणि दुसरं चौकातलं फ्लेक्स. आणि दोन्ही ठिकाणी एकटं नाव घालणं हा इतरांचा अपमान असतो. मी ‘विशेष सहकार्य’ असा भाग उघडला. त्यात ढोलकी वाजवणारे ताईंचे चुलतभाऊ आले. मग त्यांनी आष्टीला सांगितलं, आणि आष्टीहून फोन सुरू झाले. कोरसमध्ये ‘रिव्हर्स, रिव्हर्स’ म्हणणाऱ्या दोघी जावा आल्या. ज्याच्या टेम्पोतून पार्टी जालन्याला रेकॉर्डिंगला आली तो टेम्पोमालक आला, आणि तो आला म्हणून ज्याचा टेम्पो त्या दिवशी बंद पडला होता तोही आला. साहेबरावांच्या थोरल्या मेव्हण्यांचं नाव धाकट्याच्या खाली पडलं, तर त्यांनी फोन उचलणं बंद केलं. मी क्रम बदलला, तसा धाकटा रुसला. अंगदरावांनी स्वतःला ‘मार्गदर्शक’ म्हणून घालायला लावलं आणि शेवटी सगळ्यांच्या वतीने ‘आपले विनीत’ असं लिहून घेतलं. ते नसलं तर मजकूर उघडाबोडका दिसतो, असं त्यांचं म्हणणं.

नम्रसूचनांनी सगळं काढलं. ह्या खेपेला परीक्षण एकाच ओळीचं होतं: ‘हा लेख आहे की लग्नपत्रिका?’ आष्टीकडच्या मंडळींना ती काढाकाढी मीच केली असं वाटलं. आजही टेम्पोमालक मला पाहिलं की काच वर करतो.

मग प्रसिद्ध झालेला संदर्भ मिळवण्याचं ठरलं. अंगदरावांच्या ओळखीचे एक वार्ताहर होते. ते घरी आले, ताईंशी बराच वेळ बोलले, पोहे खाल्ले, दोनदा खाल्ले, आणि जाताना सगळ्यांचा फोटो काढला. बातमी आली ती ‘रामकिसनरावांची ज्ञानकोशात भरारी’ ह्या मथळ्याखाली. फोटोत मी, माझ्या खांद्यावर हात ठेवलेले अंगदराव, आणि कडेला ताईंचा अर्धा चेहरा. बातमी माझ्या साहित्यसेवेविषयी होती. शेवटच्या वाक्यात एवढंच होतं की हे गाणं बेबीनंदा वाहुळे यांनी गायलं असल्याचं ज्ञानकोशावरून समजतं. कंपनीत साहेबांनी मला बोलावून, रजेचं कारण तब्येत असं लिहिलं होतं ना, असं मृदू आवाजात विचारलं. आणि नम्रसूचनांनी कळवलं की बातमी आमचाच दाखला देते आहे, तेव्हा आम्ही तिचा दाखला कसा घ्यावा? ह्यातला न्याय मला दिसत होता, म्हणून तर जास्त राग आला.

डीजे संपतला फोन लावून पाहिला. त्याच्या फोनवर रिंगऐवजी तेच गाणं लागायचं. ‘राह्यली माझी पर्स’पर्यंत यायचं आणि कट व्हायचं. साहेबराव बसमध्ये बसून रोज लावायचे. त्यांच्या शेजारी बसणाऱ्यांनी जागा बदलली, पण संपतने फोन उचलला नाही.

शेवटचा घाव आपल्याच माणसांनी घातला. नम्रसूचना अन्याय करून राह्यले, अशी हवा कॉलनीत झाली होती. आमच्या घराचं वायफाय अख्खी गल्ली वापरते, कारण त्याचा पासवर्ड मीना कुणालाही सांगते. एका रविवारी अंगदराव, त्यांच्या घरचे, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू अशा सगळ्यांनी ज्ञानकोशात खाती उघडली आणि लेखाच्या चर्चेत ‘रामकिसनरावांशी सहमत आहे’ असं ओळीने लिहून टाकलं. पलीकडच्यांना दिसलं ते एवढंच की एकाच घरातून एकच माणूस वेगवेगळी नावं घेऊन स्वतःची पाठ थोपटतो आहे. संध्याकाळपर्यंत माझ्या खात्याला कुलूप लागलं, काही काळासाठी. लेखावरची पिवळी पाटी लाल झाली. पुरावा आला नाही तर लेखच काढून टाकणार होते. म्हणजे आधी निदान गाणं ज्ञात आणि गायिका अज्ञात होती. माझ्या मदतीने आता दोन्ही जाणार होतं.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण मीनाने वांग्याचं भरीत केलं होतं, ह्यावरून माझी अवस्था ओळखावी. दुसऱ्या दिवशी ताई आमचा डबा परत द्यायला आल्या. मी त्यांची माफी मागायला लागलो, तर त्यांनी हाताने थांबवलं.

“राहू द्या, भाऊ. तुम्ही लई केलं,” त्या म्हणाल्या. “आमच्या बापानं शिकवल्तं, गाणं कुणाचं हे कुणाला इचारायची येळ येऊ नये. म्हणून शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचं. पार्टीत समदेच तसं करतात. मी बी टाकल्तं नाव. मंग संपतभाऊ म्हणले, गाणं लांबून राह्यलं, ते कडवं काढून टाकू. मी हो म्हणले. जे जायचं ते तव्हाच गेलं. तुमचा काय दोष?”

त्या कडव्यात काय होतं, असं मी विचारलं. आता काय त्याचं, असं म्हणून त्या गेल्या. आपलं गाणं त्या कधी ऐकत नाहीत, हे मीनाने मला मग सांगितलं. वरात आली की त्या आत जाऊन मिक्सर लावतात. समोर राहून मला हे माहीत नव्हतं.

अंगदरावांच्या शीतलचं लग्न त्याच आठवड्यात होतं. परतूरची मंडळी. मांडव कॉलनीच्या मैदानात, आणि वरात आमच्या गल्लीतून येणार होती. नवऱ्या मुलाचा डीजे एका टेम्पोवर चढवलेला होता. भिंतीएवढे स्पीकर होते आणि त्यांच्यामागे लॅपटॉप घेऊन बसलेला एक काळा चष्मा. मुहूर्त संध्याकाळचा, आणि वरात अर्थातच उशिरा आली. गल्लीत पाइपलाइनसाठी खणलेला चर होता, तो उन्हाळ्यापासून तसाच आहे. टेम्पोवाल्याला तो ऐन वळणावर दिसला आणि त्याने टेम्पो रिव्हर्स घेतला.

खरोखरीचा टेम्पो खरोखरीचा रिव्हर्स आलेला पाहून वरातीला जो आनंद झाला तो मी सांगू शकत नाही. लोकांनी काळ्या चष्म्याकडे त्या गाण्याची फर्माईश केली. त्याने ते लावलं मात्र, मागचं चाक दाणकन चरात गेलं, लॅपटॉप स्पीकरवरून खाली गेला, आणि सगळं गप्प झालं. टेम्पो आडवा बसल्यामुळे गल्ली बंद. नवरदेव घोड्यासकट अलीकडे आणि मांडव पलीकडे. गुरुजी मांडवातून माइकवर मुहूर्ताची आठवण देत होते. अंगदराव टेम्पोला ढकलत होते, साहेबराव ढकलत होते, मीही एक हात लावला होता. रिकामं उभं राहून लोकांना कंटाळा येऊ नये म्हणून काळ्या चष्म्याने आपला मोबाइल स्पीकरला जोडला. त्यात लॅपटॉपमधलं ते ठोकून बसवलेलं रीमिक्स नव्हतं. त्याने संपतच्या कंपनीच्या पानावरचं मूळ गाणं लावलं आणि तो स्वतः चाकाखाली दगड घालायला उतरला.

म्हणून गाणं बदलायला वर कुणीच नव्हतं.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. हे गाणं आजवर कुठल्याही वरातीत संपलेलं नाही. एकतर मांडव येतो, नाहीतर कुणीतरी दुसरं लाव म्हणतं, नाहीतर जनरेटर जातो. डीजेवाल्यांजवळ असतं ते पहिल्या दोन कडव्यांचंच भरीत. त्या दिवशी पहिलं कडवं झालं, क्लीनरला मेल्या म्हणून झालं, तिसरं कडवं झालं, मग बराच वेळ नुसती वाद्यं वाजली. लोक नाचून थकले. मग वाद्यंही थांबली. एकटी ढोलकी राहिली, तीही हलक्या हाताची, आणि तिच्यावर ताईंचा आवाज आला. हा आवाज वरातीतला नव्हता. हा जयंतीच्या स्टेजवरचा होता:

पर्समंदी पैसा न्हवता, न्हवतं सोनंनाणं,
मायचा फोटू, आष्टीच्या बेबीनंदाचं गाणं.

ह्यावर कसं नाचायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. सगळी वरात उभी राहिली. घोडाही उभा राहिला. वर्षानुवर्षं आम्ही सगळे त्या पर्सवरून नाचत होतो आणि तिच्यात काय आहे हे आम्हाला आज कळत होतं. माझ्या डोळ्यांपुढे माझं ते आवडतं वाक्य आलं, पर्समध्ये काय होतं हे गाण्यात कुठेच सांगितलेलं नाही, आणि मला चरात उतरावंसं वाटलं.

मी आमच्या फाटकाकडे पाहिलं. ताई मीनाशेजारी उभ्या होत्या, हातात नवरदेवाला ओवाळायचं ताट. मिक्सर लावायला त्यांना घरी जाता आलं नव्हतं, कारण मध्ये टेम्पो होता. त्यांनी ताट मीनाच्या हातात दिलं आणि नुसत्या स्पीकरकडे बघत राहिल्या. साहेबरावांनी टेम्पो सोडला आणि ते बायकोकडे गेले. त्यांनी टेम्पो सोडल्यामुळे तो आणखी वीतभर खाली गेला.

“त्यानं काढलंच न्हाई की हो,” ताई त्यांना म्हणाल्या. मग पुन्हा एकदा तेच म्हणाल्या, आणि रडल्या.

मी काळ्या चष्म्याचा हात धरला आणि ते कडवं पुन्हा लाव म्हणालो. अंगदरावांनी माझे हात जोडले, म्हणजे माझ्यापुढे हात जोडले, आणि आधी माझ्या पोरीचं लग्न लागू द्या म्हणाले. शेवटी नवरदेवाला घोड्यावरून उतरवून चरावरच्या फळीवरून पलीकडे नेलं. मुहूर्त थोडक्यात साधला.

माझ्या खात्याचं कुलूप उघडायला वेळ होता, आणि महिनाही सरत आला होता. तेवढे दिवस मी ते गाणं रोज शेवटपर्यंत ऐकलं. कुलूप निघालं त्या सकाळी मी चर्चेच्या पानावर लिहायला बसलो. हंगाम नाही, काळजी नाही, विनीत नाही. एवढंच लिहिलं की गाण्याच्या कंपनीने स्वतः प्रसिद्ध केलेल्या मूळ गाण्यातच शेवटच्या कडव्यात गायिकेने आपलं नाव आणि गाव सांगितलं आहे, आणि ते गाणं कंपनीच्या पानावर पहिल्या दिवसापासून आहे. खाली आणखी एक ओळ टाकली, की आधीच्या प्रश्नाचं खरं उत्तर ‘नाही’ असं होतं. ती ओळ लिहायला बाकी सगळ्या लेखापेक्षा जास्त वेळ लागला.

दुपारपर्यंत उत्तर आलं नाही. मी कंपनीत तुरीच्या पाकिटावरचा मजकूर तपासत बसलो होतो, पण तपासत होतो मोबाइल. मग नम्रसूचनांचा शेरा आला: ‘गाणे ऐकले. संदर्भ ग्राह्य. परीक्षकांनीही ते यापूर्वी शेवटपर्यंत ऐकले नव्हते, याबद्दल दिलगिरी.’ लाल पाटी गेली आणि पिवळीही गेली. लेख पुन्हा तीन ओळींचा झाला. माझं त्यात आता एक अक्षर उरलेलं नाही. पण ‘अज्ञात’ होतं त्या जागी ‘बेबीनंदा वाहुळे’ आहे, आणि रोज सकाळी मी ते अजून तिथेच आहे ना, हे पाहून घेतो.

आयोजकांना साहेबरावांनी पान दाखवलं. पत्रिका छापायला जाताजाता थांबवली गेली आणि तिच्यात ताईंचं नाव आलं. एकट्यांचं आलं, विशेष सहकार्याशिवाय, त्यामुळे आष्टीचे दोन्ही मेव्हणे एकदम बोलायला लागले. आमच्या भागात आता वरात मांडवाशी आली तरी लोक ढोलकीच्या कडव्यासाठी थांबतात, आणि मुहूर्त टळत असल्याची तक्रार गुरुजी माझ्याकडे करतात.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. ताईंचा घसा शाबूत राहावा म्हणून सगळे हळू बोलत होते. मला राहवलं नाही. मी विचारलं, पर्स खरंच राहिली होती का?

“राह्यली व्हती,” ताई म्हणाल्या. “मायचा फोटू व्हता तिच्यात. माय माझी लहानपणीच गेल्ती, एकच फोटू व्हता. वेशीपाशी ध्यानात आलं. टेम्पोत समोर हे बसलेले.”

साहेबराव कपात बघत म्हणाले, “म्या म्हणल्तो ड्रायव्हरला, थांब म्हणून.”

“कव्हा म्हणल्ते?”

“मनात म्हणल्तो.”

ताई हसल्या, चांगल्या मोकळ्या हसल्या. पर्स अजून आष्टीला भावजयीच्या कपाटात आहे, असं त्यांनी सांगितलं. दर खेपेला आणीन म्हणतात आणि राहूनच जातं. साहेबरावांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले की कार्यक्रम झाला की यायच्या आयतवारी टेम्पो सांगतो, आणि आष्टीला जाऊन घेऊनच येऊ. बस नको, टेम्पोच.

माझा हात आपोआप खिशाकडे गेला. फोन काढून मी लेख उघडला. ‘गाण्याची पार्श्वभूमी’ असं शीर्षक मनात तयारही झालं होतं. ताईंनी ते बघितलं आणि माझ्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली.

“हे नका टाकू, भाऊ,” त्या म्हणाल्या. “ह्याला संदर्भ न्हाई.”